कॅम्पिंग ट्रेलरची बॅटरी रोज पोटभर कशी भरावी

आमच्या ट्रेलरमधला फ्रिज एका सहलीत तिसऱ्या पहाटे बंद पडला. बॅटरी जुनी झाली असेल असं समजून मी दीडपट मोठी नवी बॅटरी बसवली. पुढच्या सहलीत ती एक रात्र जास्त टिकली, इतकंच. मग मल्टिमीटर काढला. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते आणि ट्रेलरच्या बॅटरीवर जेमतेम १३. मधली वायर दीड स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन सोळा मीटर लांब. तिच्यातून सहा अँपिअर येत होते आणि फ्रिज चालू असला की त्यातले चार तोच खात होता. चार तास गाडी चालवली की बॅटरी भरते, हा माझा समज त्या दिवशी संपला.

त्यानंतर ज्यांच्या ज्यांच्या ट्रेलरचं वायरिंग पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार 'बॅटरी पुरत नाही' हीच होती. बॅटरी पुरेशी होती, पण ती कधी पूर्ण भरतच नव्हती. म्हणून इथे बॅटरी कोणती घ्यावी यापेक्षा ती भरायची कशी, यावर जास्त लिहिलं आहे. सगळं १२ व्होल्टच्या प्रणालीबद्दल आहे, कारण ट्रेलरमध्ये बहुधा तीच असते.

पहिली पायरी: दिवसाचा खर्च मोजा

खरेदीला निघण्याआधी कागद घ्या. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि दिवसातले चालण्याचे तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. चौघांच्या साध्या ट्रेलरचं एक उदाहरण घेऊ.

तीन वॅटचे चार एलईडी दिवे, संध्याकाळचे चार तास: ४८.
५० वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज. तो थांबून-थांबून चालतो, म्हणून २४ तासांपैकी ४० टक्के वेळ धरला: ४८०.
६० वॅटचा पाण्याचा पंप, सगळा मिळून पंधरा मिनिटं: १५.
२५ वॅटचा पंखा, रात्रीचे आठ तास: २००.
दोन फोन आणि एक लॅपटॉप: ९०.
गॅसगळतीचा अलार्म, रेडिओची मेमरी अशा कधीच बंद न होणाऱ्या गोष्टी, मिळून तीन वॅट: ७२.

बेरीज ९०५ वॅट-तास. १२ ने भागलं की साधारण ७५ अँपिअर-तास. यादीतली शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. सगळं बंद आहे असं वाटत असताना ती दिवसाला सहा अँपिअर-तास घेऊन जाते, म्हणजे दोन आठवडे उभ्या असलेल्या ट्रेलरची ८४ अँपिअर-तासांची वीज गेली.

फ्रिज कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहून घ्या. गॅस, घरगुती वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल, तर १२ व्होल्टवर तो दहा ते पंधरा अँपिअर जवळजवळ अखंड खेचतो. गाडी चालू असतानाच तो १२ व्होल्टवर ठेवायचा. मुक्कामाला पोचलात की गॅसवर. ही कळ फिरवायला एकदा विसरलात, तर सकाळी दिवाही लागणार नाही.

दुसरी पायरी: बॅटरी किती मोठी आणि कोणती

लेड-ॲसिड बॅटरी, मग ती पाण्याची असो, एजीएम (काचतंतूंच्या चटईत ॲसिड मुरवलेली) असो वा जेल, निम्म्यापेक्षा खाली नेहमी उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून तिच्यावर लिहिलेल्या आकड्यातला अर्धाच आपला समजायचा. लिथियम आयर्न फॉस्फेटची ८० टक्के क्षमता बिनघोर वापरता येते. वरच्या ७५ अँपिअर-तासांच्या एका दिवसासाठी लेड-ॲसिड १५० लागेल, लिथियम १०० पुरेल. मध्ये काहीही न भरता दोन दिवस काढायचे असतील, तर लेड-ॲसिड ३०० आणि लिथियम १९० ते २००.

माझं मत विचाराल तर महिन्यातून एखाद-दोन वेळा, तेही वीज असलेल्या तळावर जाणाऱ्याने लिथियमच्या मागे लागू नये. चांगली एजीएम त्याला पुरते. पण जंगलात, डोंगरात दिवसेंदिवस राहणाऱ्याला लिथियमचा खरा फायदा वजनात किंवा क्षमतेत नाही, तो भरण्याच्या वेगात आहे. लेड-ॲसिड साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास घेते, कारण बॅटरी भरत आली की तीच करंट कमी-कमी घेऊ लागते. तुम्ही कितीही मोठा चार्जर लावा, हे तास वाचत नाहीत. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. दोन तासांचं ऊन किंवा दोन तासांचा प्रवास हाती असेल, तर हा फरक फार मोठा ठरतो.

लिथियमची एक अट पक्की आहे. शून्य अंश सेल्सिअसखाली तिला चार्ज करायचं नाही. सेलमध्ये धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. थंडीत फिरणाऱ्याने कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी किंवा आतून गरम होणारी बॅटरीच घ्यावी आणि ती बाहेर न ठेवता आत ठेवावी. पाण्याच्या लेड-ॲसिडचं उलट आहे: चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बाहेर, किंवा बाहेर हवा जाणाऱ्या बंद पेटीतच हवी.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील, तर एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्या. प्लसची मुख्य वायर पहिल्या बॅटरीवरून आणि मायनसची दुसऱ्या बॅटरीवरून काढा. दोन्ही एकाच बॅटरीवरून काढल्या, तर तीच जास्त झिजते आणि दुसरी नावापुरती राहते.

तिसरी पायरी: चार्जिंगचे आकडे जुळवा

बॅटरी भरण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात चार्जर त्याचा पूर्ण करंट देतो आणि व्होल्टेज चढत जातं. दुसऱ्यात व्होल्टेज एका ठिकाणी धरलं जातं आणि करंट उतरत जातो. तिसऱ्यात व्होल्टेज खाली आणून बॅटरी नुसती भरलेली राखली जाते. दुसऱ्या टप्प्याचं व्होल्टेज पाण्याच्या आणि एजीएम बॅटरीला साधारण १४.४ ते १४.८, जेलला १४.१ ते १४.४, लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.२ ते १४.६ लागतं. तिसऱ्या टप्प्यासाठी लेड-ॲसिडला १३.५ ते १३.८. नेमका आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकात असतो. तोच चार्जरमध्ये भरा.

हे एवढं सांगण्याचं कारण असं, की जुन्या ट्रेलरमधला मूळ कन्व्हर्टर, म्हणजे तळावरची घरगुती वीज १२ व्होल्टला आणून बॅटरी भरणारा डबा, बऱ्याचदा १३.६ व्होल्टच्या पुढे जातच नाही. त्यावर बॅटरी रात्रभर लावली तरी पूर्ण भरत नाही. लेड-ॲसिड सतत अर्धवट भरलेली राहिली, की प्लेटींवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि क्षमता कायमची कमी होते. 'नवी बॅटरी दोन वर्षांत गेली' असं ऐकलं, की मी आधी कन्व्हर्टरचं व्होल्टेज विचारतो. तुमचा तपासायचा असेल तर बॅटरी थोडी उतरवा, तळावरची वीज जोडा आणि दर तासाला बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. आकडा १४ च्या वर कधीच गेला नाही, तर नवी बॅटरी घेण्याआधी तीन टप्प्यांचा चार्जर घ्या.

चार्जर किती अँपिअरचा? पाण्याच्या लेड-ॲसिडला क्षमतेच्या १० ते २० टक्के, म्हणजे १५० अँपिअर-तासांना १५ ते ३० अँपिअर. लिथियमला साधारण निम्म्यापर्यंत चालतं. लेड-ॲसिडसाठी तापमान ओळखणारा चार्जर असेल तर उत्तम, कारण उन्हाळ्यात व्होल्टेज किंचित कमी आणि थंडीत किंचित जास्त लागतं. लिथियमला ही दुरुस्ती बंद ठेवा.

चौथी पायरी: गाडीतून येणारी वीज

माझी चूक इथेच होती, आणि सगळ्यांत जास्त फायदाही इथेच होतो.

ट्रेलरच्या प्लगमधली चार्जिंगची पिन आणि तिची बारीक वायर बॅटरी रोज पूर्ण भरण्याच्या बेताने घातलेली नसते. तांब्याच्या एक स्क्वेअर एमएमच्या एक मीटर वायरला ०.०१७५ ओहम रोध असतो. म्हणून वायरची जाऊन-येऊन लांबी गुणिले ०.०१७५, भागिले जाडी, गुणिले करंट, एवढं केलं की वाटेत किती व्होल्ट सांडतात ते कळतं. सोळा मीटर, चार स्क्वेअर एमएम, दहा अँपिअर: ०.७ व्होल्ट गेले. १४.२ चे १३.५ झाले. भरत आलेल्या बॅटरीत १३.५ व्होल्टने फारसं काही जात नाही.

त्यात नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) इंधन वाचवायला व्होल्टेज स्वतःहून खाली आणतो, कधीकधी साडेबाराच्या आसपास. मग वायर कितीही जाड असो, ट्रेलरची बॅटरी भरत नाही.

दोन्हींवरचा उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. तो ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवायचा. आत येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी तो बाहेर बॅटरीला हवं तेवढंच देतो, तिन्ही टप्प्यांत. शिवाय करंटवर मर्यादा घालतो. रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती अल्टरनेटरकडून तो देईल तितकं खेचते, आणि इंजिन मंद फिरत असताना, म्हणजे थंड हवा कमी मिळत असताना, अल्टरनेटर तापून जळू शकतो.

३० अँपिअरचा चार्जर घेतला तर अडीच तासांच्या प्रवासात ७५ अँपिअर-तास परत येतात. आपला अख्ख्या दिवसाचा खर्च इथेच निघाला. जुन्या वायरीतून सहा अँपिअरने तेवढ्याच वेळात पंधरा आले असते.

आता त्याची वायर. ३० अँपिअर १४.४ व्होल्टला द्यायचे म्हणजे ४३२ वॅट, वाटेतली घट धरून आत साधारण ४८० वॅट. साडेबारा व्होल्टला हे ३८ अँपिअर होतात. १६ स्क्वेअर एमएम वायर, सोळा मीटर, ३८ अँपिअर: घट ०.६७ व्होल्ट, जी चार्जर सहज भरून काढतो. म्हणून १६ स्क्वेअर एमएमची प्लस आणि तितकीच जाड मायनस वायर घाला. मायनससाठी ट्रेलरच्या हुकावर किंवा सांगाड्यावर विसंबू नका. तिथे ग्रीस असतं, गंज असतो. गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये ५० अँपिअर किंवा जास्त क्षमतेचा वेगळा कनेक्टर लावा, प्लगची मूळ पिन यासाठी वापरू नका.

या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. गाडीच्या बॅटरीजवळ ५० अँपिअर, ट्रेलरच्या बॅटरीजवळ चार्जरच्या माहितीपत्रकात सांगितलेला. इंजिन बंद असताना चार्जरही बंद राहावा म्हणून इग्निशनची सिग्नल वायर जोडा, नाहीतर ट्रेलर गाडीची बॅटरी उतरवेल आणि सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

पाचवी पायरी: सोलर

पॅनेलवरचा आकडा आदर्श उन्हाचा असतो. छतावर आडवं पडलेलं, तापलेलं, थोडी धूळ बसलेलं पॅनेल त्याच्या साधारण ७० टक्के देतं. साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरलं तर २०० वॅटमधून ६३० वॅट-तास, ३०० वॅटमधून ९४५. आपला खर्च ९०५ होता, म्हणजे ३०० वॅटवर लिथियमचं गणित कसंबसं जुळतं. लेड-ॲसिड भरताना १५ ते २० टक्के वीज वाया जाते, तिला ४०० लागतील.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या, म्हणजे पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवून ती वीज बॅटरीच्या व्होल्टेजला बदलून देणारा. १०० वॅटचं पॅनेल साधारण १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, म्हणजे १३ व्होल्ट गुणिले साडेपाच, ७२ वॅट. उरलेले गेले. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर उघड्या टोकांचं व्होल्टेज ४४ च्या आसपास जातं आणि थंडीत आणखी चढतं, म्हणून ५० व्होल्टच्या मर्यादेचा कंट्रोलर त्याला अपुरा. ७५ किंवा १०० चा घ्या.

झाडाची एक फांदी निम्मं पॅनेल निकामी करते. आणि माणूस तर उन्हाळ्यात ट्रेलर सावलीतच लावणार. म्हणून छतावर सगळे वॅट न घालता एक घडीचं पॅनेल लांब वायरीसह सोबत ठेवावं असं मला मनापासून वाटतं. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात, आणि दर दोन तासांनी उठून त्याचं तोंड फिरवायचं.

जोडताना क्रम पाळा: आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. बॅटरी नसताना पॅनेल जोडलं तर काही कंट्रोलर बिघडतात.

जनरेटर असेल तर त्यावरचं १२ व्होल्टचं सॉकेट विसरा. ते बहुधा आठेक अँपिअर देतं, तेही बॅटरीच्या टप्प्यांचा काही विचार न करता. जनरेटरच्या घरगुती सॉकेटवर ट्रेलरचा चांगला चार्जर लावा. लेड-ॲसिड असेल तर सकाळी लावा, बॅटरी रिकामी असते, भरभर घेते. शेवटचे २० टक्के दिवसभराच्या उन्हावर सोडा. जनरेटर ट्रेलरपासून लांब, खिडक्यांपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सहावी पायरी: जोडणी

काम सुरू करण्याआधी मायनस सुटी करा, शेवटी मायनसच जोडा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

प्लसचा प्रवास असा: बॅटरी, तिच्यापासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज, मग मुख्य स्विच, मग प्लसची बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी), आणि तिथून फ्यूजपेटी, चार्जर, इन्व्हर्टर. मायनस बॅटरीवरून थेट शंटला (त्यातून जाणारा करंट मोजून बॅटरीच्या मॉनिटरला कळवणारा तुकडा), शंटवरून मायनसच्या बसबारला. शंटच्या अलीकडे, बॅटरीच्या टोकावर दुसरी एकही मायनस जोडू नका, नाहीतर मॉनिटरचा हिशेब चुकतो. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तो वायरसाठी असतो. जी वायर आहे तिला झेपेल त्याहून मोठा फ्यूज म्हणजे आगीला आमंत्रण. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडू शकते, म्हणून तिचा मुख्य फ्यूज तेवढा करंट तोडण्याची क्षमता असलेला, क्लास-टी प्रकारचा घ्या.

एक जोडणी मात्र मुख्य स्विचच्या आधी हवी. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील, तर तो गाडीपासून सुटल्यावर ब्रेक लावणारी पिनची कळ याच बॅटरीवर चालते. ती स्विचच्या पुढे जोडली आणि स्विच बंद ठेवून कुणी ट्रेलर ओढला, तर सुटलेला ट्रेलर थांबणारच नाही.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. मायक्रोवेव्ह १५०० वॅट खेचत असेल तर बॅटरीतून साधारण १३६ अँपिअर जातात. दहा मिनिटांत २३ अँपिअर-तास गेले. त्याची वायर ५० स्क्वेअर एमएमची आणि दीड मीटरच्या आत ठेवा. इन्व्हर्टर ट्रेलरच्या सगळ्या सॉकेटना जोडला असेल, तर तो चालू असताना कन्व्हर्टर बंद झालाच पाहिजे. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला आणि कन्व्हर्टर पुन्हा बॅटरीला वीज देत बसतो, आणि प्रत्येक फेरीत काही वीज उष्णता होऊन जाते. घरगुती व्होल्टेजची बाजू जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

सातवी पायरी: तपासणी

सगळं जोडून झाल्यावर फ्रिज आणि पंखा लावून इंजिन सुरू करा. तीन ठिकाणी व्होल्टेज मोजा: गाडीच्या बॅटरीवर, डीसी-डीसी चार्जरच्या आत येणाऱ्या टोकावर आणि ट्रेलरच्या बॅटरीवर. पहिल्या दोघांतला फरक एक व्होल्टच्या वर असेल तर वायरीच्या टोकाचा कुठला तरी लग नीट दाबलेला नाही. पंधरा मिनिटांनी प्रत्येक जोड तपासा. शेजारच्या वायरपेक्षा गरम लागणारा जोड पुन्हा करा.

रोजच्या वापरात लेड-ॲसिडचं व्होल्टेज तीन-चार तास काहीही न लावता पाहिलं तरच खरं बोलतं: १२.७ भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. लिथियमचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ हलत नाही, म्हणून तिला शंटचा मॉनिटर हवाच. मॉनिटरमध्ये बॅटरीची खरी क्षमता भरा आणि एकदा पूर्ण चार्ज करून तो १०० टक्क्यांवर आणा.

ट्रेलर काही महिने उभा राहणार असेल, तर लेड-ॲसिड पूर्ण भरून, मायनस सुटी करून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. रिकामी ठेवली तर थंडीत आतलं ॲसिड गोठूही शकतं. पाण्याच्या बॅटरीची पातळी पाहा, डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही चार्ज झाल्यावर. लिथियम ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून पूर्ण तोडून टाका.

पुन्हा निघण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी भरून घ्या, ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा आणि ब्रेकची पिन ओढून चाकं जागेवर घट्ट धरतात का ते पाहा. पाहून झालं की पिन लगेच परत बसवा, कारण ती बाहेर असेपर्यंत ब्रेकची चुंबकं बॅटरीतून अखंड करंट घेत राहतात.